ओली की सुकी?

गणिताच्या पुस्तकात एक पिशवी असते. तिच्यात तीन लाल, तीन पांढरे आणि तीन हिरवे चेंडू असतात. एक मुलगा न पाहता पिशवीत हात घालतो आणि एक चेंडू काढतो. एवढ्या कर्तबगारीवर मार्क मिळतात. पिशवी कुणाची, चेंडू भरले कुणी, हिरवे संपले होते तर दुसऱ्या दुकानात कोण गेलं, हे विचारायचं नसतं. मुलाने खरोखरच पाहिलेलं नाही यावर विश्वास ठेवायचा असतो. आणि त्याच्या मागे उभं राहून "तुझं झालं ना, आता सरक" म्हणणारं कुणी नसतं.

हा सगळा डोलारा प्रकरणाच्या पहिल्याच पानावरच्या एका अटीवर उभा आहे : सर्व निष्पत्ती समसंभाव्य आहेत. म्हणजे नाणं उडवलं की छाप्याला आणि काट्याला सारखीच संधी. फासा टाकला की एकापासून सहापर्यंत कुणाचाही वशिला नाही. गणित चोख आहे. माझं म्हणणं एवढंच, की ही अट आपल्या मुलखात कुणी एक दिवससुद्धा टिकू देत नाही. मोजण्यात आपण कुणाला हार जाणारे नाही. पण सगळ्यांना सारखी संधी आहे असं नुसतं कानावर पडलं, तरी माणूस अस्वस्थ होतो आणि कुठून तरी थोडीशी वाकवता येते का ते बघायला लागतो.

सुरुवात लहानपणीच होते. गल्लीतल्या क्रिकेटला टॉससाठी नाणं कुणाकडे असायचं? कौलाची एक चपटी खापरी घ्यायची, तिच्या एका बाजूवर मनापासून थुंकायचं आणि वर उडवायची. ओली की सुकी? यात थुंकी किती, खापरीची कुठली कड जड, उडवणारा कोणत्या टीमचा, असे बरेच मुद्दे होते आणि त्यांवर खेळापेक्षा जास्त वेळ चर्चा व्हायची. चर्चा लांबली की मे महिन्याच्या उन्हात ओली बाजूही सुकून जायची आणि नमुना अवकाशात एकच निष्पत्ती शिल्लक राहायची.

लपाछपीत राज्य कुणावर, हे ठरवायला चकायचं. तिघांनी एकदम हात टाकायचे, कुणी पालथा, कुणी उताणा. ज्याचा हात वेगळा पडला तो सुटला. तीन हात आठ प्रकारांनी पडू शकतात. त्यांतल्या दोन प्रकारांत तिघांचे सारखे येतात, उरलेल्या सहांत कुणीतरी एक वेगळा. म्हणजे दर फेरीला कुणीतरी सुटण्याची संभाव्यता पाऊण. इतकी सोपी, बिनखर्चाची, समान संधीची व्यवस्था मोठमोठ्या आयोगांना सुचणार नाही. पण शेवटी दोघं उरायचे आणि तिसरा हात म्हणून आधी सुटलेल्यांपैकी एकाला बोलवावं लागायचं. तो जर दोघांपैकी एकाचा दोस्त असला तर संपलं. त्याने फक्त दोस्ताच्या उलट हात टाकायचा, एवढंच दोघांत ठरवायचं. मग दोस्त एकतर सुटतो, नाहीतर फेरी पुन्हा होते. त्याच्यावर राज्य येतच नाही. हे दुसरी-तिसरीतल्या पोरांना कुणी शिकवलेलं नसतं.

'अडम तडम' तर त्याहून पारदर्शक. त्यात नशिबाचा संबंधच नाही. गाण्याचे ठोके ठरलेले, रिंगणातली पोरं मोजलेली, भागाकारात जी बाकी उरते तिच्यावर शेवटचा ठोका. चाळीतली एखादी चुणचुणीत मुलगी नेहमी "मी म्हणते, मी म्हणते" करत पुढे का यायची आणि कधी स्वतःपासून, कधी शेजारच्यापासून सुरुवात का करायची, याचं कोडं मला फार उशिरा सुटलं. ती आता सनदी लेखापाल आहे.

मोठ्यांच्या टॉसची गोष्ट निराळी नाही. २०२३च्या विश्वचषकाचा अंतिम सामना, १९ नोव्हेंबर, अहमदाबाद. भारत नाणेफेक हरला. सामन्याचं दुःख इतकं मोठं होतं की नाणेफेकीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मग भारत पुढच्या एकदिवसीय सामन्यातही नाणेफेक हरला. त्याच्या पुढच्यातही. मध्ये कर्णधार बदलले, मैदानं बदलली, देश बदलले. २०२५ची चॅम्पियन्स ट्रॉफी आपण पाचही सामन्यांत नाणेफेक हरून जिंकली. हरण्याची ही मालिका सलग २० सामने चालली. वीस वेळा ओळीने हरण्याची संभाव्यता दोनाचा विसावा घात करून मिळते : १०,४८,५७६ मध्ये एक.

या काळात कट्ट्यावर दोन पंथ तयार झाले होते. एक पंथ म्हणायचा, "इतक्या वेळा हरलोय, आता जिंकणारच." दुसरा म्हणायचा, "फॉर्मच नाही राव टॉसला, आजही हरणार." दोन्ही पंथ कडवे, एकमेकांचा चहा पीत नसत. उद्याची नाणेफेक पहिल्या दिवशी होती तशीच आहे, निम्मी-निम्मी, असं सांगणारा तिसरा पंथ निघाला नाही. निघाला असता तर दोघांनी मिळून त्याला कट्ट्यावरून उठवलं असतं. शेवटी ६ डिसेंबर २०२५ला विशाखापट्टणमला के. एल. राहुलने नाणं डाव्या हाताने उडवलं आणि आपण जिंकलो. तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर संभाव्यतेचा सिद्धांत कायमचा निकालात निघालेला आहे.

आता वाढदिवसांकडे येऊ, कारण इथे महाराष्ट्राने गणिताला जो धक्का दिलाय त्याला जगात तोड नसावी. गणिताच्या वर्गात हमखास सांगितलं जाणारं एक नवल आहे. एका खोलीत २३ माणसं जमली की त्यांतल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची संभाव्यता निम्म्याहून किंचित वर जाते, ५०.७ टक्के. ऐकणाऱ्याला पटत नाही, कारण तो मनातल्या मनात स्वतःची तारीख घेऊन बावीस जणांकडे बघत असतो. पण इथे त्याला कुणी विचारलेलं नाही. तेवीस जणांच्या जोड्या लावल्या तर त्या २५३ भरतात आणि त्यांतली कुठलीही जुळली तरी चालते. ज्याने कधी गावात लग्नं जुळवली आहेत त्याला हे चटकन कळतं.

या हिशेबातही ती अट गुपचूप येऊन बसलेली असते : वर्षाचे ३६५ दिवस समसंभाव्य. ही अट घालणाऱ्याने आपल्याकडच्या जुन्या जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर उघडून पाहिलेलं नाही. जून महिना, शाळेचा पहिला आठवडा. शेतावरचा बाप पोराला दंडाला धरून गुरुजींसमोर उभा करतो.

"जन्म कधीचा?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशीचा, गुरुजी."

"साल?"

"थोरली म्हैस मेली नव्हं, ते."

गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. धरता आला तर वय भरलं. मग गुरुजी दौतीत टाक बुडवून १ जून लिहीत आणि मागे जात जात योग्य ते साल टाकत. पुढचा पोरगा. त्याचाही कान हाताला लागला. १ जून. अशा रीतीने एका गावात तीन पिढ्या एकाच दिवशी जन्मल्या. त्या वर्गात वाढदिवस जुळण्यासाठी २३ जण जमवायची गरज नाही, दोन बाकांवरचे चौघे पुरतात.

गुरुजींच्या टाकाचे पडसाद पन्नास वर्षांनी उमटतात. सरकारी नियम असा की पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मेला जिल्ह्याच्या ठिकाणी कचेऱ्याच्या कचेऱ्या निरोप घेतात. शाली आणि नारळ यांचे भाव त्या दिवशी काय असतात ते व्यापाऱ्यांना विचारा. एकच वक्ता सकाळी पाटबंधारे, दुपारी महसूल आणि संध्याकाळी शिक्षण खात्यात "यांची उणीव भासेल" असं सांगत फिरत असतो. दुसऱ्या दिवशी, १ जूनला, हीच सगळी मंडळी फोनवर एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात आणि प्रत्येक जण वर लिहितो, "कागदोपत्री."

यावरून कुणी असा समज करून घेऊ नये की आपल्याला मोजता येत नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली. चाळीसगावजवळच्या पाटणदेवीला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे, त्यामुळे खानदेशातली माणसं त्यांच्याबद्दल घरच्या वडीलधाऱ्यासारखी बोलतात, आणि ते योग्यच आहे. 'लीलावती'त शेवटी शेवटी अंकपाश नावाचा भाग येतो. त्यात विचारलंय की शंभूच्या दहा हातांतली दहा आयुधं आलटून पालटून दिली तर किती वेगवेगळ्या मूर्ती होतील? उत्तर आहे ३६,२८,८००. एका मूर्तिकाराने दिवसाला एक या वेगाने घडवायच्या म्हटल्या तर नऊ हजार नऊशेहून जास्त वर्षं लागतील, श्रावण-भाद्रपदाची सुट्टी न घेता. विष्णूचं त्या मानाने आटोपशीर. शंख, चक्र, गदा, पद्म आणि चार हात, म्हणजे चोवीस मूर्ती.

हे चोवीस बऱ्याच जणांच्या ओळखीचे आहेत. संध्येत केशव, नारायण, माधव, गोविंद करत जी चोवीस नावं घेतात, त्यांतल्या प्रत्येकाची मूर्ती वेगळी आणि ती ओळखायची खूण म्हणजे कुठल्या हातात काय आहे तो क्रम. मुंजीनंतर चार-सहा महिने ज्या बटूने निमूटपणे ही नावं म्हटली, त्याने चारच्या फॅक्टोरियलचं संपूर्ण पाठांतर केलं होतं. तोच बटू पुढे अकरावीत पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनचा धडा ऑप्शनला टाकतो. तीन नावांना पाणी प्यायचं आणि चौथ्याला सोडायचं, एवढंच त्याच्या लक्षात राहिलेलं असतं.

भास्कराचार्यांचं मला सगळ्यात आवडणारं गणित स्वयंपाकघरातलं आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहा रसांतले एक, दोन, तीन असे घेत किती तऱ्हेची व्यंजनं होतील? एकेक घेऊन ६, दोन-दोन घेऊन १५, तीन-तीनची २०, चार-चारची १५, पाच-पाचची ६ आणि सगळे रस एकत्र असं १. एकूण ६३. सुश्रुतसंहितेतही रसांचे भेद त्रेसष्टच सांगितलेत. आता आधुनिक संचांचा विद्यार्थी लगेच हात वर करेल : सहा घटकांच्या संचाचे उपसंच ६४ होतात, एक कुठे गेला? तो एक म्हणजे रिक्त संच. ज्यात सहांपैकी एकही रस नाही असं व्यंजन. आचार्यांनी तो धरला नाही, कारण असा पदार्थ कुणी रांधेल हे त्यांच्या मनातही आलं नसावं. त्यांना शिकत असताना खाणावळीत जेवावं लागलेलं दिसत नाही. मी जिथे जेवायचो तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी चौसष्टावा प्रकारच असायचा आणि त्याला आमटी म्हणत.

मोजणीची ही परंपरा खंडित झाली असं ज्यांना वाटतं ते गिरणगावात राहिलेले नाहीत. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर लागणारा आकडा १९६०च्या सुमारास बंद पडला आणि मुंबईत मडक्यातून चिठ्ठ्या निघायला लागल्या, पुढे पत्ते आले. शून्य ते नऊ यांतले तीन आकडे काढायचे, त्यांना चढत्या क्रमाने लावलं की झाला पाना. बेरजेचा शेवटचा अंक तो आकडा. असे पाने एकूण २२०. तिन्ही अंक वेगळे असलेले १२०, दोन सारखे असलेले ९०, तिन्ही सारखे १०. आणि प्रत्येक आकड्याच्या वाट्याला बरोबर बावीस. चौथीत शाळा सोडलेला माणूस ही वाटणी बोटांवर सांगायचा. धंदा वाईट, त्याने अनेकांचे पगार आणि संसार गिळले. पण गणित स्वच्छ होतं : दहा आकडे, दहाही समसंभाव्य, लागला तर रुपयाला नऊ. उरलेला दहावा कुणाच्या खिशात गेला, हे ज्याला समजलं त्याने मटका चालवला. ज्याला समजलं नाही त्याने लावला. आणि लावणाऱ्याला ही दहांची बरोबरी मान्यच नव्हती. त्याला रात्री स्वप्नात साप दिसलेला असायचा आणि सापाचा आकडा कुठला यावर अख्ख्या खोलीचं एकमत असायचं.

सापाची जागा आता अंकशास्त्राने घेतलीय. गाडीचा नंबर घ्यायचा तर बेरीज नऊ आली पाहिजे. आठ नको, आठ शनीचा. परिवहन कार्यालयात १ ते ९९९९ क्रमांक असतात. प्रत्येकाच्या अंकांची एक अंक उरेपर्यंत बेरीज करत गेलं तर एकापासून नऊपर्यंत दर उत्तराच्या वाट्याला नेमके १,१११ क्रमांक येतात. एक कमी नाही, एक जास्त नाही. इतकं निर्मळ समान वाटप सरकारच्या दुसऱ्या कुठल्या खात्यात माझ्या पाहण्यात आलेलं नाही. आणि लोक जादा पैसे भरून ते मोडतात. सिग्नलला माझ्यापुढे बेरीज नऊवाली गाडी उभी असली की मी तिचा मागचा बंपर पाहतो. माझ्यासारखाच चेपलेला असतो.

संचांचं प्रकरण तुलनेने निरुपद्रवी समजलं जातं, कारण त्यात पैसे लावता येत नाहीत. पुस्तकाची अट अशी की संचाचे घटक नेमकेपणाने सांगता आले पाहिजेत. 'वर्गातील हुशार मुले' हा संच होत नाही. 'आपली माणसं' हासुद्धा होत नाही, हे लग्नाची यादी करताना कळतं. पण सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासद हा संच आहे, नोंदवहीसकट. त्यामुळे आमच्या सोसायटीत पार्किंगच्या आठ जागांसाठी वीस अर्ज आले तेव्हा सगळं शिस्तीत होईल असं वाटलं होतं.

सभा बोलावली. गणपूर्तीअभावी ती अर्धा तास तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणजे कायद्याने पाहिलं तर ती रिक्त संचालाही भरवता येते. आमच्याकडे काही वर्षं जवळपास तशीच भरत होती. पण पार्किंग म्हटल्यावर साडेसहाला कुणी नव्हतं तिथे सातला सगळे आले, काही जण नारळपाणी घेऊन. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात वीस चिठ्ठ्या टाकल्या, आठांवर जागेचा क्रमांक, बारा कोऱ्या. चेअरमन म्हणाले, "फ्लॅट नंबरप्रमाणे एकेकाने या."

"म्हणजे एकशे एकचे आधी?" चौथ्या मजल्यावरून आलेल्या वहिनी म्हणाल्या. "आमची पाळी येईपर्यंत डब्यात राहणार काय?"

दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक उभे राहिले. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "वहिनी, पहिल्याला संधी वीसात आठ, म्हणजे पाचात दोन. दुसऱ्याचं बघा. पहिल्याला लागली असली तर याला एकोणीसात सात, लागली नसली तर एकोणीसात आठ. दोन्ही शक्यता मिळवल्या की पुन्हा पाचात दोनच. विसाव्यालाही पाचात दोन. आधी या, नंतर या, काही फरक नाही."

"सर, फरक नाही ना?" वहिनी म्हणाल्या. "मग मला पहिलं जाऊ द्या."

यावर सरांकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं, संभाव्यताशास्त्राकडेही नाही.

तोड निघाली की चिठ्ठ्या सगळ्यांच्या वतीने एका लहान मुलाने काढाव्यात. लहान मुलं निष्पाप असतात अशी आपली समजूत आहे; चकण्याचा प्रकार आपण विसरलेलो असतो. पण कुणाचा मुलगा? तिसऱ्या मजल्यावरचा सेक्रेटरींचा भाचा. पाचव्यावरची चेअरमनांची नात. सरांनी नोटिशीच्या पाठीवर दोन वर्तुळं काढली : सोसायटीत राहणारी मुलं आणि सोसायटीतल्या कुणाशीही नातं नसलेली मुलं. वर्तुळं एकमेकांना शिवत नव्हती. शेवटी गेटजवळच्या इस्त्रीवाल्याच्या मुलाला हाक मारली. तो आल्याबरोबर चौघांनी हरकत घेतली. या चौघांची इस्त्रीची उधारी थकलेली आहे हे त्यामुळे सगळ्या सभेला समजलं.

मुलाने डोळे मिटून, शर्टाची बाही वर करून, वीसच्या वीस चिठ्ठ्या काढल्या. आठांना जागा मिळाल्या. त्या आठांतल्या तिघांकडे गाडीच नाही. पुढेमागे घेतली तर असावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता. त्यांनी त्याच रात्री जागा भाड्याने देण्याच्या वाटाघाटी सुरू केल्या. आणि आठवडाभरात उपनिबंधकांकडे एक लेखी तक्रार गेली, की सदर सोडत निःपक्षपातीपणे झालेली नाही. सोबत पुरावा जोडला होता : अर्जदारास जागा मिळालेली नाही.